ज्याचा आकडा शेवटचा

केलर्स गॅपच्या जत्रेत लाकूड तोडण्याच्या शर्यतीत सगळ्यांना एकदम सुटू देत नाहीत. तसं केलं तर दरवर्षी एकच माणूस जिंकायचा आणि बाकीचे घामाघूम होऊन घरी जायचे, त्यात कसली आलीय मजा! म्हणून प्रत्येक गड्याला एक आकडा देतात. ओंडके उभे केलेले असतात, प्रत्येकामागे एक गडी कुऱ्हाड टेकून उभा असतो, आणि पंच मोठ्याने मोजायला लागतो. एक, दोन, तीन. ज्याचा आकडा तीन, तो तीनला घाव घालतो. ज्याचा अठरा, तो अठरापर्यंत दुसऱ्यांच्या ढलप्या उडताना मुकाट बघत राहतो. नवशिका, म्हातारा, खांदा दुखावलेला हे आधी सुटतात. जो सगळ्यांत तगडा, तो सगळ्यांत शेवटी. आकड्याआधी कुऱ्हाड उचलली की बाद. आकडे बरोबर लागले असतील तर सगळे ओंडके जवळजवळ एकाच वेळी पडतात आणि लोक बाकांवर चढून ओरडतात.

हे आकडे गेली बावीस वर्षं नोला गेटनबी लावत होती. वय त्रेसष्ट, बांधा काटक, जीभ करवतीची. सॉ मिलमध्ये ती फळ्यांची प्रतवारी करायची. पट्ट्यावरून फळी सरकत येई, तेवढ्या दोन क्षणांत गाठ, चीर, डिंकाची रेघ बघून निळ्या खडूने खूण करायची आणि पुढच्या फळीकडे वळायचं. माणसांकडेही ती तशीच बघते असं गावात म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. कोणाची पाठ धरलीय, कोणाच्या घरी तान्हं रात्रभर रडतंय, कोणी दारू सोडलीय आणि कोणी नुसतं सांगितलंय, हे सगळं बघूनच ती आकडा लावायची. तिच्या आकड्यावर लोक कुरकुरायचे, पण बदलून दे म्हणायची कोणाची छाती होत नसे. स्वतःच्या मुलाला, जॅरडला, तिने दहा वर्षं सलग शेवटचा आकडा दिला होता. तो खरोखरच सगळ्यांत चांगला होता, त्याला ती काय करणार?

त्या वर्षी जानेवारीत सरकारने रानातली तोड कायमची बंद केली. जत्रेतले ओंडके आदल्या वर्षी तोडून मिलच्या तळ्यात भिजत ठेवलेले होते, म्हणून शर्यत झाली. पुढच्या वर्षी ओंडके कुठून आणायचे हे कोणी कोणाला विचारलं नाही.

तोड थांबवली ते बरोबर की चूक, यावर नोला वाद घालत नसे. चाळीस वर्षं तिच्या डोळ्यांसमोरून फळ्या गेल्या होत्या. सुरुवातीला हात पसरावे तेवढ्या रुंद यायच्या, शेवटी शेवटी वीतभर. हे असं किती दिवस चालणार, हे कळायला शहरातला तज्ज्ञ कशाला हवा? तिचा राग वेगळाच होता. बंद करताना कोणी विचारलं नाही, आणि बंद केल्यावर मदतीचा पूर आला. वरातीमागून घोडे! मन शांत ठेवायला श्वास कसा घ्यावा हे शिकवणारी एक बाई येऊन गेली. नोकरीचा अर्ज कसा सजवावा हे सांगणारा एक बुवा येऊन गेला. तिसऱ्याने सांगितलं की गावाने आता सायकलवाल्या पर्यटकांसाठी कॉफीची दुकानं काढावीत, आणि मिलमध्ये जुन्या लाकूडतोड्यांचे पुतळे मांडावेत.

"पुतळे कशाला?" नोलाने त्याला विचारलं होतं. "आम्ही आहोत की. आम्हालाच उभं करा, वर रंग मारा."

त्या सगळ्या पुरात एकच गोष्ट खरी होती. सरकार तिथे रानरक्षणाची एक कायमची तुकडी उभी करणार होतं. वणवा अडवायला आधीच मोकळे आगपट्टे काढायचे, धोक्याची झाडं उतरवायची, रानातले रस्ते मोकळे ठेवायचे, बी गोळा करून उघड्या डोंगरावर पेरायचं. म्हणजे काम तेच, माणसं तीच, रानही तेच. जागा होत्या अकरा. बाकीचे पांगून गेल्यावर गावात जे चिकटून राहिले होते, त्यांतल्या एकोणीस जणांनी अर्ज केले.

सोमवारी सकाळी फुटबॉल क्लबच्या दारावर यादी लागली.

नोलाने चष्मा लावून वाचलं. पहिलं नाव जॅरड गेटनबी. तिच्या काळजाने एक उडी मारलीच, आईचंच काळीज ते. जॅरड राहिला तर सून सिमोन राहणार, चार वर्षांची पिप राहणार. जॅरडने मिल बंद पडल्याच्या आठवड्यातच सांगून ठेवलं होतं की इथे काम नाही मिळालं तर समुद्रापलीकडे टास्मानियात जायचं, तिथे अजून तोड चालू आहे. गेले तीन महिने नोला रोज त्याच एका भीतीने उठत होती. आता यादीत पहिलं नाव त्याचं. सुटलो!

मग तिची नजर खाली गेली. चौदावी डल्सी मार्केटी, जी मिलमध्ये फळ्यांच्या थप्प्या लावायची आणि घरी अपंग भावाला सांभाळायची. सतरावा ऑझी ब्लंट, बासष्टचा, डाव्या हाताची दोन बोटं करवतीने नेलेली. शेवटचा एकोणिसावा नेव्ह स्प्रूल, ओंडक्यांची लॉरी चालवणारा. नेव्हची बायको ग्वेंडा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची, चाळीस मिनिटांवरच्या इस्पितळात. नेव्ह गाव सोडून कुठे जाणार होता? आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला दुसरीकडे कोण घेणार होतं?

नावांपुढे गुणांचे रकाने होते. शिक्षण, प्रमाणपत्रं, संगणक, शारीरिक क्षमता. पाचवा रकाना होता 'स्थानिक माहिती', तीस गुणांचा. त्यात एकोणीसही जणांना शून्य होतं.

"ही यादी उलटी टांगलीय," नोला म्हणाली.

शेजारी केन पॉलिट उभा होता, सव्वीस वर्षांचा, यादीत चौथा. तो म्हणाला, "उलटी कशी? सरळच तर आहे. वरून एक, दोन, तीन."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि घरी गेली.

मंगळवारी संध्याकाळी तिने एकोणीसही जणांना क्लबात बोलावलं. चहाचं मोठं भांडं चढवलं होतं, डल्सीने खिमा भरलेले मीट पाय आणले होते. नोला बाकावर वही उघडून बसली, तीच शर्यतीची वही.

"परवा गुरुवारी मुलाखती आहेत," ती म्हणाली. "मदत कार्यालयातल्या बाईच्या यादीप्रमाणे पहिले अकरा आत जाणार, आणि उरलेल्या आठांच्या तोंडाला पानं पुसणार. आता मला सांगा, या गावात तगडा गडी पहिल्यांदा कधी सुटलाय?"

ऑझीने घास चावता चावता मान वर केली.

"ज्याला बाहेर कुठेही काम मिळेल, तो थांबेल," नोला म्हणाली. "ज्याला कुठेच मिळणार नाही, ज्याला गाव सोडताच येणार नाही, तो आधी सुटेल. आकडे मी लावलेत. वाचू?"

"आणि सरकार ऐकेल होय तुझं?" केन म्हणाला. "त्या जागा दुसऱ्या गावाला देऊन मोकळे होतील. अकराही घालवशील."

"पहिले अकरा आतच गेले नाहीत तर कोणाला घेतील? खुर्च्यांना?"

तिने वाचायला सुरुवात केली. नेव्ह स्प्रूल, एक. डल्सी, दोन. ऑझी, तीन. प्रत्येक नावापुढे ती कारणही वाचत होती आणि ते ऐकताना माणसं खाली बघत होती, कारण त्यांनी ते कोणाला सांगितलेलं नव्हतं. केनचा आकडा निघाला पंधरा. त्याच्या मानेवर लाली चढली. अठरा वाचून झाले तेव्हा खोलीतल्या सगळ्यांना कळलंच होतं, तरी सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"जॅरड गेटनबी," ती म्हणाली. "एकोणीस."

तिचा आवाज हलला नाही. तिने वही मिटली.

नेव्ह उठला. जाडजूड माणूस, बोलायला लाजणारा. "नोला, असं नको. पोराला घरदार आहे. मी करीन काहीतरी."

"काय करशील? लॉरी विकलीस, आता ग्वेंडाला खांद्यावर बसवून इस्पितळात नेशील? बस खाली, नेव्ह. आकडा मिळाला की घासाघीस नसते."

जॅरड भिंतीला टेकून उभा होता. त्याने कप धुतला, पालथा घातला, आणि निघून गेला.

बोलायचं काम सिमोनने केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नोलाच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली, अंगात बालवाडीचा रंगाने बरबटलेला एप्रन तसाच.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते काय उगाच?" ती म्हणाली. "सगळ्या गावाची दया येते तुम्हाला. स्वतःच्या मुलाची कधी येणार?"

"सिमोन, तो कुठेही उभा राहील. नेव्ह नाही राहणार."

"हेच! कुठेही उभा राहील म्हणून त्याला कुठेही उभं करायचं? लहानपणापासून तेच चाललंय. जॅरड थांबेल, जॅरडला जमेल, जॅरड, आधी इतरांना घेऊ दे. तुम्हाला माहितीय काल रात्री तो काय म्हणाला? म्हणाला, एकदा तरी आईने मला पुढे ठेवायला हवं होतं. एकदा तरी."

नोलाने टेबलावरचं फडकं उचलून त्याची घडी घातली.

"आणि पिप?" सिमोन म्हणाली. "समुद्रापलीकडे गेल्यावर ती तुम्हाला वर्षातून किती वेळा भेटेल, याचाही आकडा लावलाय का वहीत?"

"लावलाय," नोला म्हणाली. "रात्रभर तेवढंच केलं मी."

सिमोन रडायला लागली, आणि रडताना दिसायला नको म्हणून दार आपटून गेली. नोलाने त्या दिवशी चहासुद्धा केला नाही. पोरगी खोटं काय बोलली होती? जॅरड सात वर्षांचा असताना शेजारच्या पोरांत केकचा शेवटचा तुकडा वाटताना नोलाने त्याला सुरी दिली होती, म्हणजे कापणारा तो, आणि सगळ्यांत शेवटी घेणाराही तोच. तिला तेव्हा स्वतःच्या हुशारीचं केवढं कौतुक वाटलं होतं!

तरी तिने वही बदलली नाही.

गुरुवारी सकाळी क्लबाच्या मागच्या खोलीत इमोजेन वेल्स टेबल मांडून बसली. मदत कार्यालयाची ही मुख्य बाई, चौतीस वर्षांची, मेलबर्नहून बदलून आलेली. वाईट नव्हती. गावात भाड्याने राहायची, डल्सीकडून पाव घ्यायची, लोकांची नावं चुकवायची नाही. पण तिचं वरिष्ठ कार्यालय उंटावरून शेळ्या हाकत होतं आणि काठी हिच्या हातात दिली होती.

ती दारात येऊन म्हणाली, "जॅरड गेटनबी?"

पुढच्या खोलीत एकोणीस जण बाकांवर बसले होते. नोला दाराजवळ. जॅरड येईल की नाही हेही तिला सकाळपर्यंत माहीत नव्हतं. तो सगळ्यांत शेवटी आला होता आणि तिच्याकडे न बघता मागच्या बाकावर बसला होता.

"आहे," जॅरड म्हणाला.

"या ना आत."

"माझा आकडा आलेला नाही."

इमोजेन हसली, चेष्टा समजून. "तुम्ही पहिले आहात."

"तुमच्या यादीत. इथे मी शेवटचा आहे. आधी नेव्ह."

नोलाने छताकडे बघितलं. डोळे भरले की ती तसंच करायची. पोराने तिच्याकडे अजूनही बघितलं नव्हतं, पण तो बोलला होता, आणि असा बोलला होता की आख्खी खोली ताठ बसली.

इमोजेनने दुसरं नाव घेतलं. "माझा आकडा सोळा," उत्तर आलं. तिसऱ्याचा अठरा. चौथं नाव केनचं होतं. केन बुटांकडे बघत म्हणाला, "पंधरा."

"हे काय चाललंय, नोला?" इमोजेनचा आवाज चढला. "तुम्हाला कल्पना आहे ना, चार वाजेपर्यंत अकरा नावं गेली नाहीत तर या जागा दुसरीकडे जातील? मी धमकी देत नाहीये. तसा नियमच आहे."

"धमकी दिलीस तरी चालेल, पोरी. नेव्हला आत घे."

"नेव्ह एकोणिसावे आहेत! मला तसं करता येत नाही."

"मग बस. आम्हाला कुठे जायचंय? कामावर?"

बाकांवर हशा पिकला. इमोजेन आत गेली, फोन लावला, बराच वेळ दबक्या आवाजात बोलली. बारा वाजले. डल्सीने सॉसेज भाजले, पावात घालून सगळ्यांना दिले, एक इमोजेनलाही नेऊन दिला. एक वाजला, दोन वाजले. चेष्टामस्करी हळूहळू आटत गेली. नोला घड्याळाकडे बघत नव्हती. केन म्हणाला ते खरं झालं तर? अकराही जागा गेल्या तर नेव्हच्या दारात कोणत्या तोंडाने उभं राहायचं? बाणेदारपणा करणं सोपं असतं, त्याचं बिल दुसऱ्याच्या घरी जातं तेव्हा कळतं.

पावणेतीनला केन उठला.

"मला जायला हवं," तो कोणाकडेच न बघता म्हणाला. "मला माफ करा. बाळ येतंय आमच्याकडे. अजून कोणाला सांगितलं नव्हतं."

दारात बसलेली नोला बाजूला सरकली. "जा," ती म्हणाली. "तुला कोणी धरून नाही ठेवलं. बाळाचं मला माहीत नव्हतं, ते माझं चुकलं."

केन आत गेला, वीस मिनिटांनी बाहेर आला आणि मागच्या दाराने निघून गेला. दहा जागा उरल्या. आता सगळेच एकमेकांच्या पायांकडे बघू लागले, कोण उठतोय म्हणून.

उठला तो नेव्ह. न बोलावता आत गेला आणि इमोजेनसमोरच्या खुर्चीत बसला. खुर्ची कुरकुरली.

"मी जाणार नाही," तो म्हणाला. "मला बोलता येत नाही फारसं. पण बसता येतं."

मग डल्सी गेली आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसली. ऑझी जमिनीवर. एकामागून एक, वहीतल्या क्रमाने, अकरा जण त्या एवढ्याशा खोलीत शिरले. नोला शेवटी गेली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"पोरी, तो पाचवा रकाना काय आहे?" तिने विचारलं.

"कुठला?"

"स्थानिक माहिती. तीस गुण. सगळ्यांना शून्य दिलंय."

इमोजेनने कपाळ चोळलं. "ते वरिष्ठ कार्यालयाने ठेवलं होतं. पण गुण द्यायचे कसे, हे तिथे कोणाला ठरवता आलं नाही. म्हणून सध्या शून्य."

"म्हणजे तीस गुण रस्त्यावर पडलेत आणि उचलायला माणूस नाही. नेव्हला विचार काहीतरी."

"काय विचारू?"

"वणवा पश्चिमेकडून आला, बुलडोझर न्यायचाय वरच्या धारेवर. कसा नेशील, ते विचार."

इमोजेनने विचारलं. बोलता न येणारा नेव्ह स्प्रूल बोलायला लागला. जवळचा रस्ता घ्यायचा नाही, कारण तिथला लाकडी पूल खालून कुजलाय, वरून कळत नाही, लॉरीचं वजन आलं की जाईल. पूर्वी ओंडके वाहणाऱ्या ट्रामच्या जुन्या वाटेने जायचं, पण तिसऱ्या वळणावर लॉरीवरून बुलडोझर उतरवून चालवत न्यायचा. वारा फिरला तर परत यायला वाट नाही, म्हणून ओढ्यातल्या खडकावर थांबायचं, तिथे जळण नाही. बारा वर्षांपूर्वीच्या वणव्यात तो तिथे थांबला होता, पाच माणसं घेऊन, अंगावर ओली घोंगडी टाकून. पाचही जण अजून जिवंत आहेत, त्यातला एक हा ऑझी.

इमोजेनने लिहिणं कधीच थांबवलं होतं. "कुजलेला पूल नकाशावर चांगला म्हणून दाखवलाय," ती हळूच म्हणाली.

"ते तुझ्या पहिल्या क्रमांकालाही माहीत नाही," नोला म्हणाली. "माझाच मुलगा आहे तो, म्हणून सांगते. झाड पाडण्यात त्याचा हात धरणारा नाही, पण पुलाखाली तो कधी शिरलेला नाही. आता डल्सीला विचार, कुठल्या झाडाचं बी कुठल्या महिन्यात पडतं. मग ऑझीला."

साडेतीन झाले होते. इमोजेनने फोन उचलला, आणि या खेपेला दबक्या आवाजात नाही बोलली. "पाचवा रकाना मी भरतेय," ती म्हणाली. "हो, आज. नाही, नियमात लिहिलेलंच आहे, तुम्हीच लिहिलंय. कोणी भरू नये असं कुठे लिहिलंय? मग दाखवा ना." समोरून काहीतरी बरंच बोललं गेलं. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"तुम्ही सांगा, मी गुण लिहिते," ती नोलाला म्हणाली. "पण तुमच्या मुलाचे तुम्ही सांगायचे नाहीत."

"त्याचे नेव्ह सांगेल."

नेव्हने जॅरडला तीसपैकी पंचवीस दिले. नोला भडकली. "पंचवीस? काय लाज वाटतेय म्हणून देतोयस का? पुलाचं काय मग?" शेवटी दहावर तोडलं. दाराबाहेर जॅरड ते सगळं ऐकत होता, आणि तो हसला, मोठ्याने हसला, असं डल्सीने नंतर शपथेवर सांगितलं.

चारला पाच कमी असताना नावं गेली. केन, आणि वहीतले पहिले दहा. वहीतली अकरावी, एक बाई, एका नावाने हुकली, आणि नोला स्वतः तिच्या घरी जाऊन तिच्या शिव्या खाऊन आली. वरून चौकशीची दोन पत्रं आली, इमोजेनला मेलबर्नला बोलावून झापलंही. पण नेमणुका निघाल्या त्या निघाल्या. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी नेव्ह स्प्रूल सरकारी हिरवा शर्ट घालून कामावर गेला, आणि ग्वेंडाने त्याचा फाटकापाशी फोटो काढला.

त्याच आठवड्यात शुक्रवारी जॅरडचं सामान भरलं.

सकाळचे आठ वाजले होते. ट्रेलरला ताडपत्री बांधून झाली होती. पिप मागच्या सीटवर बसून काच खालीवर करत होती.

"नॅन, तू कधी येणार आमच्या घरी?"

"तुम्हीच येणार इकडे."

"कधी?"

"काम चालू आहे त्याचं."

सिमोन जवळ आली. "मी अजून चिडलेली आहे," ती म्हणाली.

"राहा चिडलेली. फोन मात्र कर."

सिमोनने तिला मिठी मारली, जोरात, दुखेल अशी, आणि गाडीत जाऊन बसली. जॅरड शेवटी आला. उंच पोरगा, बापासारखे लांब हात, ते कुठे ठेवावेत हे न कळलेला.

"तुला पुढे ठेवायला हवं होतं मी एकदा," नोला म्हणाली. "सिमोनने सांगितलं मला."

"हो," जॅरड म्हणाला. "हवं होतं." त्याने ट्रेलरची ताडपत्री ओढून बघितली. "पण त्या गुरुवारी नको होतं."

गाडी वळणाआड गेली. नोला रस्त्यात उभी राहिली नाही. रडत रडतच चालायला लागली, डोळे पुसायचे कष्टही घेतले नाहीत. लोकांनी बघितलं, बघू देत! जुन्या बँकेच्या इमारतीत मदत कार्यालय होतं, तिथे जाऊन तिने दार ढकललं आणि इमोजेनसमोरच्या खुर्चीत बसली.

इमोजेन दचकली. "नोला? अहो, काय झालं? पाणी देऊ का?"

"पाणी नको. अकरा झाले. आठ उरलेत. त्यांचं बोल."

"आठ..." इमोजेनने हताश हात पसरले. "आता जागा नाहीत, नोला. तुम्हाला माहितीय. हे कार्यालयसुद्धा जूनअखेर बंद होतंय."

"म्हणजे तीन महिने आहेत. बंद मिलच्या शेडमध्ये काय होऊ शकतं, वादळात पडलेली झाडं कोण उचलतं, शेतातल्या लागवडीचं लाकूड कोण कापतं, सगळं काढ. पहिल्यांदा ती एका नावाने हुकलेली बाई. मग दुसरा, मग तिसरा. क्रमाने."

"एवढी घाई? आज सकाळीच तुमचा मुलगा..."

"आठवा माझा मुलगा आहे," नोला म्हणाली. "आधीच्या सातांचं झाल्याशिवाय मला त्याला बोलावता येत नाही. घे, कागद घे."